मामी उभ्यानेच नेम धरणार

खरं तर मी हे लिहिणारच नव्हते. मामी म्हणाली, "माझ्याबद्दल काय लिहायचंय, मी काय मोठी लागून गेलेय?" आणि मामा म्हणाला, "लिही, पण त्यात मला जरा बारीक कर." दोघांचं ऐकलं असतं तर कागद कोराच राहिला असता, म्हणून कोणाचंच ऐकलं नाही.

तर मामी बस स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करते. एक काचेची खोली, एक टेबल, एक माइक आणि एक खुर्ची, जिचं एक चाक कायम रुसलेलं. सकाळी त्या खुर्चीत बसली की संध्याकाळीच उठायची. कोणती गाडी कुठे लागली, कोणाची छत्री चहाच्या टपरीवर राहिली, सगळं बसून. घरी आली की पाठ धरलेली आणि पाय सुजलेले.

एकदा ऑफिसातल्या बायकांबरोबर ती स्पोर्ट्स हॉलमध्ये गेली. बाकीच्या बॅडमिंटन बघत बसल्या आणि ही बाथरूम शोधत तळघरात उतरली. तिथे एअर रायफलची रेंज होती. गंमत म्हणून एक छर्रा मारून बघितला, आणि तिथेच फसली बिचारी! तेव्हापासून दर रविवारी सकाळी मामी रेंजवर. ते जाडंभरडं कडक जाकीट घालून चालायला लागली की मामा म्हणायचा, "आलं बघा आमचं कपाट!"

सगळं छान चाललं होतं. पण अर्धे छर्रे संपले की मामीचे हात लटपटायला लागायचे. नळी अशी हलायची की समोरचं टार्गेट जीव मुठीत धरून उभं असेल. मग एक दिवस रेंजच्या सरांनी तिला बाजूला घेतलं.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या महिन्यापासून तुम्ही खुर्चीच्या गटात या. टेबलावर रायफल टेकवायची, आरामात नेम धरायचा. पुष्कळ लोक मारतात तसं."

मामीचा चेहरा पडला. "सर, अख्खा आठवडा मी खुर्चीतच असते हो. रविवारी एक तास उभी असते, तोही काढून घेणार?"

सर तसे मऊ माणूस. डोकं खाजवून म्हणाले, "बरं. महिनाअखेरीस एक पूर्ण फेरी उभ्याने करून दाखवा. मध्ये बसायचं नाही आणि प्रत्येक छर्रा कागदावर लागला पाहिजे. जमलं तर राहा उभ्या. पण ऐका, रायफल हाताच्या जोरावर धरायची नसते. कोपर कमरेच्या हाडावर टेकवा, हात नुसता साथीला. खरं काम पोट, पाठ आणि पाय करतात. ते मजबूत करा. आणि आदल्या दिवशी पूर्ण आराम."

मामीने घरी येऊन हे सगळं मामाला सांगितलं. मामाने त्यातलं फक्त "मजबूत करा" एवढंच ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी डंबेल्स घेऊन आला. स्वतः सोफ्यावर बिस्किटांचा पुडा घेऊन बसला आणि मामीचा कोच झाला.

"अगं वर उचल, वर! काय भाजीची पिशवी आहे का ती?"

"तुम्ही एकदा उचलून दाखवा ना."

"मी दाखवलं तर तुला बघायला कोण राहणार?"

पण मामी नुसती त्याच्या भरवशावर नव्हती. सरांनी शिकवलेले पोटापायांचे व्यायाम ती कामावर करायची. एका पायावर उभं राहून घोषणा करायची, त्यामुळे मध्येच तिचा आवाज झोकांड्या खायचा. एक ड्रायव्हर धावत येऊन काचेवर टकटक करून गेला, "बाई, चक्कर येतेय का? पाणी देऊ?"

दोन गाड्यांच्या मध्ये वेळ मिळाला की भिंतीला पाठ लावायची, गुडघे वाकवायचे आणि हवेत बसल्यासारखं थांबायचं. मांड्या पेटायच्या नुसत्या! आणि एका दुपारी ती माइक बंद करायला विसरली.

सगळ्या स्टँडवर मामीचा घोगरा आवाज घुमला. "धर... सोडू नकोस... पोट आत घे... आत घे म्हणते ना! पडलीस तर बघ..."

लोकांनी आधी आपापल्या बॅगा घट्ट धरल्या. मग बाकावरच्या चारदोन जणांनी खरंच पोट आत घेतलं. कंट्रोलरसाहेब पळत आले, तेव्हा मामी भिंतीला चिकटलेली, लालबुंद. ओरडायला आलेले साहेब तिच्याकडे बघतच राहिले आणि हळूच म्हणाले, "याने पाठदुखी थांबते का हो?"

महिना असा गेला. पाय तर घट्ट झाले, पण डंबेल्समुळे दंडात जोर आला होता ना, मग मामी रायफल आणखीच आवळून धरायची. नेम होता तसाच हलता. सर कपाळावर हात मारून म्हणायचे, "ताई, सोडा हो तिला, पळून नाही जात ती!"

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मामाच्या अंगात आलं. "उद्याच आहे. आज शेवटचा दणका देऊन टाक!" मामी घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाला काहीतरी करत राहायचं असतं. आराम बाजूला ठेवून तिने डंबेल्स अशी उचलली की मामाही बिस्किट खायचं विसरला.

सकाळी मामीचा हात खांद्याच्या वर जाईना. कंगवा डोक्यापर्यंत पोहोचेना. शेवटी मामाने वेणी घातली. ती बघून सामान बांधायचा दोर बरा म्हणायची वेळ आली.

"सगळं माझ्यामुळे," मामा पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला. "नको जाऊस ना आज."

"जाणार," मामी म्हणाली. "जाकीट घाला मला."

रेंजवर तिच्या शेजारच्या टार्गेटवर एक दातांचे डॉक्टर नेम धरून उभे होते. मामीने रायफल कशीबशी उचलली, आणि तिला कळलं की हातात जोरच नाही. आवळून धरायचं म्हटलं तरी जमेना. मग काय करणार बिचारी? कोपर आपसूक खाली आलं आणि कमरेच्या हाडावर टेकलं. रायफलचं वजन हाडातून पायात उतरलं. आणि पाय? भिंतीपाशी महिनाभर पेटलेले पाय ते, हललेच नाहीत. नळी शांत झाली. मामीला वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय, इतकं सोपं कसं?

छर्रा सुटला. कागदावर. पुढचाही. सरांना डंबेल्सची कबुली देऊन बाकावर बसलेला मामा नखं खात होता. अर्धी फेरी झाली, मामी उभीच. मग पाठ भरून आली, कपाळावरचा घाम भुवयांवर उतरला, तरी ती बसली नाही. शेवटचा छर्रा राहिला. मामीने श्वास सोडला, डोळ्यात घाम गेला, आणि चाप ओढला.

सरांनी दुर्बिणीतून बघितलं. बघतच राहिले.

"ताई, तुमच्या कागदावर शेवटचं भोक नाहीये."

मामी डोळे मिचकावून समोर बघायला लागली.

"ते डॉक्टरांच्या कागदावर आहे. अगदी मधोमध!"

"माझ्या कागदावर आहे ना? मग माझंच!" डॉक्टर लगेच म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा मधोमध लागलंय!"

हसू दाबताना सरांच्या मिशा हलत होत्या. मामी मात्र हसेना. रायफल स्टँडवर ठेवून ती मान खाली घालून उभी राहिली. सरांनी एकदा तिच्या पायांकडे बघितलं, एकदा कागदांकडे.

"प्रत्येक छर्रा कागदावर लागला पाहिजे, असं म्हणालो होतो. कोणाच्या, ते म्हणालो नव्हतो. रविवारी या, ताई. उभ्यानेच. पण ती डंबेल्स आधी घराबाहेर काढा."

मामी रडली, मग मामाही रडला, आणि जाकीट काढायला हात वर जाईना म्हणून मामी कितीतरी वेळ तशीच त्या कपाटात अडकून राहिली. हे सांगताना ती अजूनही हसून हसून पोट धरते.

या रविवारी सकाळी जा ना तिला भेटायला. स्पोर्ट्स हॉलच्या तळघरात, डावीकडून शेवटची. बघायला कोणी आलं की तिला फार आवडतं आणि मामा तर बाकावर झोपून जातो. लांबणीवर टाकू नका हं, खरंच जा.