आमच्या आत्याची देवी

भावाच्या पोस्टमॉर्टेमसाठी मी हट्ट धरला, तेव्हा सुकापूरच्या आमच्या अख्ख्या भावकीने माझ्याशी अबोला धरला. पंचविशीतला धडधाकट पोरगा सकाळी उठत नाही, उशाशी मोबाइलचा गजर वाजतोच आहे, आणि ही माणसं म्हणतात, अटॅक असेल, आता चिरफाड कशाला! माझं डोकंच फिरलं. कशाने गेला ते कळायला नको? शेवटी झालं पोस्टमॉर्टेम, आणि काहीच सापडलं नाही. हृदय ठीक, मेंदू ठीक. एका काकाने मला ऐकवलंच, "काय भेटलं तुला?"

पण काही न सापडणं हेच कुणाच्या तरी कामाचं होतं. मुंबईच्या एका इस्पितळात तरुण माणसं अशी अचानक का जातात यावर संशोधन चाललं होतं. तिथली डॉक्टर घरी आली. माझ्याहून लहानच असेल. तिने सांगितलं की अशा मरणात हृदय दिसायला नीट असतं, बिघाड त्याच्या आतल्या विजेत असतो, आणि माणूस गेल्यावर ती वीज तपासता येत नाही. म्हणून ती मागे राहिलेल्या नातेवाइकांना तपासत होती. तिने आईला विचारलं, "घरात कुणाला चक्कर येते? फिट? कुणी अचानक पडतं?"

"नाय गो," आई म्हणाली.

आई खोटं बोलत नव्हती. माझी आत्या, म्हणजे वडिलांची बहीण, तिथेच लसूण सोलत बसली होती. लग्नानंतर लगेच नवरा गेला म्हणून ती माहेरी परतली, आणि वडील वारल्यावरही आमच्याकडेच राहिली. नवरात्रात आरतीचा ढोल कडाडला की ती पडायची. पण आमच्याकडे त्याला पडणं म्हणत नाहीत. बाकीच्या बायकांच्या अंगात आलं की त्या केस मोकळे सोडून घुमतात. आत्या नुसती कोसळायची, निपचित व्हायची आणि थोड्या वेळाने डोळे उघडून तुटक काहीतरी बोलायची. त्या तुटक शब्दांवर गावात लग्नं ठरायची, जमिनींचे सौदे अडायचे. हिची देवी शांत आहे, म्हणून हिचा मान जास्त.

मी म्हणाले, "आत्या पडते."

आईने डोळे वटारले. "ती पडत नाय. तिच्या अंगात येतं."

डॉक्टरने बॅगेत ठेवलेलं ईसीजीचं मशीन पुन्हा बाहेर काढलं.

माझा आणि आईचा ईसीजी चांगला आला. आत्याचा बघून डॉक्टरने तो पुन्हा एकदा काढला. मग तिने समजावलं. एकदम मोठा आवाज झाला की आत्याच्या हृदयाचे ठोके भरकटतात आणि ती पडते. आजवर ते आपोआप जागेवर आले, हे तिचं नशीब. भावाचेही बहुधा असेच भरकटले असावेत, ते परत आले नाहीत. मला भावाच्या उशाशी वाजणारा तो गजर आठवला. उपाय मात्र साधा होता. रोज गोळी घ्यायची, ढोलाजवळ जायचं नाही, आणि पडलीच तर वाट न बघता छाती दाबायची. कशी दाबायची ते तिने उशीवर करून दाखवलं. आई उशीकडे बघतसुद्धा नव्हती.

करंजाड्याच्या माझ्या घरून रोज फोन करून मी आत्याचा पिच्छा पुरवला. ती गोळ्या घेऊ लागली. त्या नवरात्रात नको म्हटलं तरी ती आरतीला गेलीच. ढोल वाजला आणि ती हात जोडून उभीच राहिली. मला इतका आनंद झाला की रडू आलं. दुसऱ्या दिवसापासून तिची ओटी भरायला येणाऱ्या बायका बंद झाल्या.

"देवी हाय म्हनून या घरान मी कोन तरी हाय," आत्या मला म्हणाली. "नायतर भावजयीच्या दारातली रांडाव बाई."

"मेलीस तर देवी काय चाटायची आहे?" मी म्हणाले. माझं तोंड असंच आहे.

पुढच्या नवरात्रात ऑफिस सुटल्यावर मी रिक्षाने सुकापूरला पोचले, तेव्हा आरती चालू होती. मंडपाजवळ येईपर्यंत ढोल थांबला होता. आत आत्या जमिनीवर पडलेली, कपाळभर कुंकू, आणि बायका रांगेने तिच्या पाया पडत होत्या. "गोळ्या सोडल्या न् देवी परत आली बघ," शेजारीण हसून म्हणाली. आत्याचे ओठ काळेनिळे झाले होते. मी किंचाळत तिच्या छातीपर्यंत पोचले, तर दोघींनी माझे हात मागे खेचले.

"देवीला हात नको लावू. आज बोलायला जरा वेळ लावते."

मी शिव्या दिल्या, लाथा झाडल्या, त्यांनी सोडलं नाही. आई आत्याच्या उशाशी बसली होती. माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती खाली वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "वन्स, माज्यासाठी गोळ्या सोडल्या तुमी, आता देवीला इचारते हां. आई, माजा पोर कुठं हाय? बरा हाय ना?"

आणि ऐकायला तिने आपला कान आत्याच्या तोंडाशी नेला.