तळ्याकाठच्या गावातली दहा मिनिटं

मस्कतला आल्यावर पहिली चार वर्षं मी बेकरीची व्हॅन चालवली. नंतर एका टूर कंपनीत लागलो आणि पाहुण्यांना फोर बाय फोरमधून डोंगरात न्यायचं काम करू लागलो. आमच्या सहलींत एक सहल कारागिरांच्या गावाची होती. डोंगराच्या पायथ्याशी एक धरण आहे, त्यामागे लांबलचक तळं, आणि तळ्याकाठी तीसेक घरांचं गाव. तिथे एक म्हातारा खड्ड्यातल्या मागावर बसून बकरीच्या केसांच्या सतरंज्या विणतो. बायका खजुरीच्या पात्यांच्या टोपल्या करतात. पाहुणे फोटो काढतात, कहवा, म्हणजे तिथली कॉफी, पितात, एखादी टोपली घेतात. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या दिवशी तिथल्या लोकांनी जे केलं त्याच्या बदल्यात त्यांना निदान एवढं तरी द्यावं असं वाटतं.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट आहे. अल खौदला राहणाऱ्या एका मराठी इंजिनियरने आईवडिलांसाठी सहल बुक केली होती. ते दोघं पुण्याहून महिन्याभरासाठी आले होते. मुलगा आणि सून दिवसभर कामावर, म्हणून आईवडिलांना जरा फिरवून आणा, असं त्याने फोनवर सांगितलं होतं. मराठी बोलणारा ड्रायव्हर मिळाला म्हणून तो खूश होता. मीही होतो. माझं शिक्षण दापोलीकडच्या मराठी शाळेत झालं. इथे दार्सैतला खोलीवर हिंदी, ऑफिसात इंग्रजी, गावात अरबी, असं चालतं. दिवसभर मराठी बोलायला मिळणार म्हणजे मला सुट्टीच होती.

काका सत्तरीच्या पुढचे, उंच, पांढरा शर्ट इस्त्रीचा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. काकू बारीक चणीच्या, खांद्याला मोठी पिशवी. बसल्या बसल्याच त्यांचा डोळा लागला. वाटेतलं बरका गाव येईपर्यंत त्या मान टाकून झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं. पेट्रोल पंपावर मी पाण्याच्या बाटल्या घेतल्या तेव्हा काकांनी विचारलं, पनवेल आलं का? मी हसलो. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तेच विचारलं. काकू जाग्या झाल्या आणि म्हणाल्या की यांना थट्टेची सवय आहे. मला ते पटलं नव्हतं, पण पटवून घेतलं. कारण धरण दिसल्याबरोबर काका असे काही बोलू लागले की ऐकत राहावं. भिंत दगडमातीची का, सांडवा त्या बाजूलाच का, गाळ कुठे साठत असेल, सगळं त्यांनी मला समजावून सांगितलं. एवढं डोकं चालणाऱ्या माणसाला काय झालं असणार, असं माझ्या मनात आलं.

कच्चा रस्ता सुरू झाला तिथे मी चाकांतली हवा कमी केली आणि तळ्याच्या काठाकाठाने गाडी नेली. गावाच्या अलीकडे एक धोंडा खालून जोरात लागला. म्हणून दोघांना मागावरच्या म्हाताऱ्याच्या अंगणात बसवून मी गाडीखाली शिरलो. तेल गळतंय का ते बघत होतो. म्हाताऱ्याला मी वालिद म्हणतो, म्हणजे वडील. तिथे वडीलधाऱ्यांना तसंच म्हणतात. तो आत लोकर आणायला गेला होता, बायकांनी काकूंना कहवा दिला होता. मी हात पुसत परत आलो तेव्हा काकू चटईवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. काका नव्हते.

मी विचारलं तर त्या म्हणाल्या, असतील इथेच. आणि बायकांपुढे कप धरला. तिथली रीत अशी की पुरे झालं की कप हलवायचा. त्यांनी हलवला नाही. त्यांना अजून हवा होता. तो कप पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "बघता का जरा?"

आधी मी मशिदीजवळच्या मोरीत बघितलं. मग खजुरीच्या बागेत, पाटाच्या कडेने शेवटपर्यंत. हाका मारल्या. परत आलो तेव्हा माझा चेहरा बघूनच वालिद मागाच्या खड्ड्यातून उठला. मोठ्या मुलाला हाक मारली, "यल्ला," म्हणजे चला. पाच मिनिटांत गावातले सगळे पुरुष बाहेर होते. अकरा वाजून गेले होते. ऑक्टोबरातही तिथल्या दगडाला हात लावला तर चटका बसतो.

तळ्याच्या काठावर ओल्या मातीत बुटाचा ठसा सापडला, टाच गावाकडे, बोटं पाण्याकडे. परतीचा ठसा नव्हता, बाजूला नुसता खडक होता. वालिदचा मुलगा कपड्यांसकट पाण्यात शिरला. कमरेइतक्या पाण्यात हातातल्या काठीने चाचपत तो पुढे पुढे जात होता. आणखी दोघे त्याच्यामागे उतरले. मला पोहता येतं, माझा जन्म खाडीकाठचा आहे, पण माझे पाय हलेनात. काठीला काही लागलं तर काय, एवढंच डोक्यात होतं. काठी प्रत्येक वेळी वर आली की मी श्वास सोडायचो.

मग मला धरण आठवलं. पाटबंधाऱ्याचा माणूस, जाईल तर धरणावर जाईल. मला इतकी खात्री वाटली की मी वालिदचं ऐकलंच नाही. तो म्हणत होता की आधी डोंगराची बाजू बघू. मी गाडी काढली आणि चार किलोमीटर उलटा गेलो. भिंतीवरच्या पहारेकऱ्याने सकाळपासून कुणालाच पाहिलं नव्हतं. मी सगळी भिंत चालून आलो, सांडव्यात वाकून बघितलं, खालच्या झुडपांत उतरलो. सव्वा तास त्यात गेला. आजही मला तो सव्वा तास सगळ्यात जास्त खातो.

परत येऊन कबरस्तानामागच्या टेकाडावर चढलो. गावात फक्त तिथेच फोन लागतो. पोलिसांना कळवलं. ते निघतो म्हणाले, पण पोचायला वेळ लागणार होता. मग मुलाला फोन लावणार तेवढ्यात काकू धापा टाकत वर आल्या. त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, त्याला नका सांगू.

मी म्हटलं, काकू, सांगावंच लागेल. त्या खाली दगडावर बसल्या आणि सांगू लागल्या. दोन वर्षांपासून काकांचं असं चाललं होतं. मुलाला फोनवर कळू दिलं नव्हतं. काका फोनवर चार वाक्यं छान बोलतात. इथे आल्यावरही त्या सतत त्यांच्याबरोबर असायच्या, बाजू सांभाळून घ्यायच्या. रात्री काका उठून दार शोधतात, म्हणून त्या स्वतःच्या पदराचं टोक त्यांच्या मनगटाला बांधून झोपायच्या. झोपायच्या म्हणजे पडायच्या. पुण्याला बाई ठेवली तर काका तिला चोर म्हणून मारायला धावायचे. आपल्याला कुणी नको, मीच बघते, असं त्यांनीच ठरवलं होतं. आणि हे सगळं त्या अगदी सपाट आवाजात सांगत होत्या, किराणाची यादी सांगावी तसं.

मी नंबर दाबला. रिंग वाजू लागली तेव्हा त्या म्हणाल्या,

"मी बघितलं होतं त्यांना उठून जाताना."

मी फोन कानापासून खाली घेतला.

"ते फाटकातून बाहेर पडले. मला हाक मारता आली असती. मी मारली नाही. मला वाटलं, दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं मला कुणी काही विचारू नये."

पलीकडून मुलगा हॅलो हॅलो करत होता. मी त्याला सांगितलं की बाबा सापडत नाहीयेत, ताबडतोब या. बाकी काही सांगितलं नाही. फोन ठेवून मी काकूंकडे बघितलंही नाही. मला त्यांचा इतका राग आला होता की त्या वेळी त्यांना पाणी विचारायचंही मला सुचलं नाही. गावातलीच एक बाई वर आली आणि त्यांच्या डोक्यावर ओला कपडा ठेवून त्यांना हाताला धरून खाली घेऊन गेली. तिला आमची भाषा येत नव्हती. तिने फक्त काकूंचा चेहरा पाहिला होता.

दोन वाजले, अडीच वाजले. पाण्यातली माणसं बाहेर आली, काठावर बसली. वालिदने नमाज पढला. मीही त्याच्या मागे उभा राहिलो, पण ओठ हलत होते एवढंच. मनात मी सौदा करत होतो. माणूस सापडू दे, मग नोकरी गेली तरी चालेल. मग वाटायचं, नोकरी गेली तर घरी काय पाठवणार? आणि या दोन विचारांची लाज वाटून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो.

साडेतीनच्या सुमाराला डोंगराकडून बकऱ्या राखणारी एक म्हातारी ओरडत आली. वालिद म्हणाला होता तीच बाजू. गावामागच्या कोरड्या ओढ्यातून अर्धा तास वर चढल्यावर दगड रचून केलेला बकऱ्यांचा गोठा आहे, त्यात माणूस आहे म्हणाली. जिवंत आहे का, असं विचारायचं धाडस मला झालं नाही. मी धावलो. वाटेत दोनदा पडलो.

काका गोठ्याच्या सावलीत, लेंड्यांवर, पाठ सरळ ठेवून बसले होते. एका पायात बूट नव्हता आणि तो पाय सोलून निघाला होता. ओठ फुटून पांढरे झाले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि समोरच्या दगडाकडे हात केला.

"या, बसा. चहा सांगतो."

मी बसलो. दुसरं काय करणार. झाकणाझाकणाने त्यांना पाणी पाजलं. ते प्रत्येक घोटाला धन्यवाद म्हणत होते. वालिदच्या मुलांनी त्यांना पाठीवर घेतलं आणि आळीपाळीने खाली आणलं.

काकू अंगणात उभ्या होत्या. मला वाटलं होतं त्या धावत येतील, रडतील. त्या चालत आल्या, पदर भिजवला आणि त्यांचं तोंड पुसू लागल्या. काका त्यांना म्हणाले की बाई, तुम्हाला उगाच त्रास. तुम्ही कुणाकडच्या?

"तुमच्याकडेच असते मी," काकू म्हणाल्या, आणि पुसत राहिल्या.

पोलीस आले, मागोमाग रुग्णवाहिका. हॉस्पिटलच्या दारात मुलगा भेटला. तो माझ्यावर तुटून पडला. म्हाताऱ्या माणसांना सोडून गाडीखाली काय करत होतास, लक्ष ठेवायचे पैसे घेता ना, असं सगळं. काकू त्याच्या शेजारीच होत्या. त्या आता बोलतील, निदान दोन वर्षांचं तरी सांगतील, म्हणून मी वाट बघितली. त्यांनी जमिनीकडे बघितलं. मला वाटलं तर मीही सांगू शकलो असतो. माझ्या जिभेवर होतं. पण पदराचं टोक मनगटाला बांधून झोपणारी ती बाई माझ्या डोळ्यांपुढून जाईना. मी मुलाची माफी मागितली.

काका तीन दिवसांनी घरी गेले आणि त्याच महिन्यात दोघं पुण्याला परतली. तक्रार ऑफिसात पोचली. आमचा अर्बाब, म्हणजे मालक, वाईट माणूस नाही. त्याने मला काढलं नाही, पण डोंगर बंद केला. तो सगळा सीझन मी विमानतळ ते हॉटेल, हॉटेल ते विमानतळ केला.

माझी अम्मी तेव्हा सहा वर्षांपासून अंथरुणाला खिळून होती. तिला बघायची ती माझी बायको, एकटी. मी दर शुक्रवारी फोन करायचो. अम्मी कशी आहे, औषध आणलं का, मुलं शाळेत जातात का, हे ठरलेले प्रश्न. त्या सहलीनंतरच्या शुक्रवारी मी विचारलं, "तुला झोप मिळते का?"

ती म्हणाली, "काय झाला? नोकरी गेली काय?"

मी म्हटलं, नाही, असंच विचारतोय. तिने विश्वास ठेवला नाही. पण दोन-तीन शुक्रवारांनी तिने स्वतःहून सांगायला सुरुवात केली. अम्मी तिच्या हातातून घास थुंकते, शिव्या देते, रात्री चार वेळा उठवते. मागच्या पावसात तिची कंबर धरली होती तेव्हाही तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून तू काय करणार होतास, असं तिने विचारलं. त्यात टोमणा नव्हता.

रजेचा अर्ज केला, चाळीस दिवस मिळाले. घरी पोचल्या दिवशीच बायकोला सांगितलं की अम्मीचं सगळं आता मी करणार, तू माहेरी जाऊन ये. ती चार दिवसांसाठी गेली. पहिला दिवस मी निभावला. दुसऱ्या दिवशी अम्मीने मला ओळखलं नाही आणि भाताची थाळी माझ्या अंगावर फेकली. रात्रभर ती अब्बांना हाका मारत होती, जे कधीच गेले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाव आणायला म्हणून बाहेर पडलो. बेकरी घरापासून दोन मिनिटांवर आहे. पाव घेतला आणि पाय आपोआप जेटीकडे वळले. ओहोटी लागली होती, होड्या चिखलात कलंडल्या होत्या. मी बसलो. अम्मी जागी झाली असेल हे मला माहीत होतं. ती हाका मारत असेल हेही माहीत होतं. तरी मी उठलो नाही. पाव मांडीवर गार झाला. किती वेळ बसलो ते घड्याळात बघितलं नाही, पण दहा मिनिटांपेक्षा नक्कीच जास्त.

घरी गेलो तेव्हा अम्मी पलंगावरून अर्धी खाली लोंबकळत होती, एक हात जमिनीला टेकलेला. मी तिला उचलून वर घेतलं. ती हलकी झाली होती, लहान मुलासारखी. पुढे ती अजून दीड वर्ष जगली, आणि ते दीड वर्षही बायकोनेच काढलं, कारण माझी रजा संपली होती.