आठ घटकांचे घर

ताई गेल्यावर तिच्या टेबलाचा खण आवरायचे काम माझ्याकडे आले. मी ते सावकाश करतो. आठवड्याला एखाद-दुसरा कागद. मागच्या महिन्यात त्यात मीच लिहिलेली सोळा पानांची पुस्तिका निघाली. वर ठळक अक्षरांत ‘आठ घटकांचे घर’. ते वाचून मला हसू आले. बऱ्याच दिवसांनी आले होते, म्हणून पुरते हसून घेतले.

ताई इमारतींचे नकाशे काढायची. लागोपाठ दुष्काळाची ती वर्षे. गावाकडची माणसे कामासाठी शहरात येत होती आणि त्यांच्याच हातांनी शहर चारी बाजूंना वाढत होते. ती माणसे स्वतः मात्र ताडपत्रीखाली राहत. एक बांधकाम संपले की पुढच्या बांधकामावर. ताईचे म्हणणे, माणूस हलतो तर घरालाही हलता आले पाहिजे. तिने एक खोली तयार केली. भिंतींचे सहा भाग, छपराचे दोन, सगळे नटबोल्टने जोडायचे आणि सोडायचे. भिंतीत कापसाच्या वाळल्या काड्यांचा, पऱ्हाट्यांचा, भुसा चुन्यात कालवून दाबून भरलेला, म्हणजे उन्हाळ्यात आत गारवा. घरातली माणसे वाढली की आणखी भाग जोडता येत.

कचेरीत तिला बजावले होते, या खोलीत एखादे कुटुंब राहून दाखवू दे, मग दुसरी करू. कुणी राहिले नाही तर ही भंगारात. ताई तेव्हापासून नीट जेवत नव्हती.

मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून जोडणीची पुस्तिका लिहिणे माझ्याकडे आले. ताई त्या भागांना मॉड्यूल म्हणायची. मी म्हणालो, आपण ‘घटक’ लिहू.

“मॉड्यूलच राहू दे,” ती म्हणाली. “तो शब्द निदान सगळ्यांना सारखाच कळत नाही.”

मी ऐकले नाही.

राहायला तयार झाले ते एकच कुटुंब. मेंढरे विकून खुलताबादकडून आलेली एक म्हातारी, तिचा मुलगा आणि सून. आम्ही म्हातारीला मावशी म्हणायचो. तयार झाली म्हणजे “बगू” एवढेच म्हणाली होती. ठरलेल्या सकाळी ट्रकमधून भाग उतरले, मावशी आपले बोचके घेऊन समोर बसली, आणि मी पुस्तिका उघडून वाचले, “हे घर आठ घटकांचे आहे.”

मावशी उठली.

“आठ घटकांचं? आन मंग?”

“मग म्हणजे?”

“मंग पडतं का काय?” ती सुनेकडे वळली. “चल गं, उचल बोचकं. दुपारपतूरचं घर हाय हे.”

मला काही कळेना. कळले ते ताईला. घटक काय आणि घटका काय, दोन्हींचे ‘घटकांचे’ असेच होते. आणि घटका म्हणजे चोवीस मिनिटे. मी व्याकरण समजावायला तोंड उघडले तोच ताईने माझा दंड दाबला.

“मावशी, पडायचं नाही. उभं करायला आठ घटका लागतात. तुम्हीच मोजा.”

असे म्हणून तिने मनगटावरचे घड्याळ काढून सुनेच्या हातात दिले. मी हिशेब केला. तीन तास बारा मिनिटे. कचेरीच्या शेडमध्ये हीच खोली जोडायला आम्हाला अख्खा दिवस लागला होता.

पुस्तिकेत मागची भिंत पहिली होती. मावशीने ती बाजूला ठेवायला लावली.

“वारं कुठनं येतंय ते बगा आदी. पुस्तकात नाय का, मास्तर?”

नव्हते.

मग तीच सांगत गेली आणि आम्ही धरत गेलो. आयुष्यभर रानात कापडाचे पाल ठोकलेली बाई. कुठला कोपरा आधी ताणायचा हे तिला विचारावे लागत नव्हते. भिंतीतला भुसा तिने नखाने उकरून पाहिला. “चुलीचं जळण भितीत कोंबलं व्हय,” म्हणाली, पण हात थांबला नाही. सून मधूनमधून घड्याळ बघून “सा झाल्या,” “सात झाल्या” म्हणत होती. आठवी भरायला दहा मिनिटे असताना शेवटचा बोल्ट बसला.

तेवढ्यात मावशीच्या मुलाने पाण्याची काळी टाकी गडगडत आणली. ती दारात अडकली.

“बाहेर ठेवली तर?” ताईने विचारले.

“सकाळी पाणी नाय आन टाकी बी नाय,” मुलगा म्हणाला.

ताई पाना घेऊन दाराशेजारच्या भिंतीचे बोल्ट सोडू लागली. आम्ही भिंत उचलून बाजूला धरली, टाकी आत गेली, भिंत परत लागली. मावशी कंबरेवर हात ठेवून बघत होती.

“भित उगडती व्हय?” ती म्हणाली. “मंग हे पालच हाय. नुसतं जाड.” आणि बोचके उचलून आत गेली.

“नववी घटका सरली,” सून म्हणाली. “पडलं नाय बगा.”

ताईने पाना त्यांच्याकडेच ठेवला. घड्याळ परत घ्यायला विसरली, किंवा तसे दाखवले. येताना गुलमंडीत थांबून तिने दोन प्लेट भजी खाल्ली आणि माझ्या प्लेटमधलीही. पुढच्या खोल्यांची दारे टाकीपेक्षा रुंद झाली.

पुस्तिका सापडली त्याच आठवड्यात मावशी घरी आली. ताई गेल्याचे तिला उशिरा कळले होते. उठताना म्हणाली, “रस्ता रुंद करायलेत. रविवारी घर हालवायचंय. हे चवथ्यांदा. येता का, मास्तर?”

“पुस्तिका आणू?”

“आना. बसायला व्हईल.”

रविवारी गेलो. नव्या जागेवर मावशीने मान वर करून वारे पाहिले आणि पहिली भिंत कुठे ते बोटाने दाखवले. मी एका बाजूने धरली. सून दगडावर पुस्तिका टाकून बसली होती, ताईचे घड्याळ हातात धरून.

“चालू करा,” ती म्हणाली.