बाबांच्या आवाजाची परवानगी

रॅपचं नवं गाणं आलं की ते कोण म्हणतंय हे मी नंतर बघते. आधी बीट कोणी बनवली, मग कुठल्या लेबलनं काढलं. ही सवय मला हैदराबादला बी.एड. करताना लागली. खोलीतली मैत्रीण अमेरिकेतली जुनी गाणी ऐकायची. शब्द मला अर्धेही कळायचे नाहीत, पण एखाद्या जुन्या तबकडीतला दोन सेकंदांचा तुकडा कापून त्यावर अख्खं गाणं उभं करणारी माणसं मला भारी वाटायची. आता मी चाळिशीला आले. जैनथजवळच्या मराठी शाळेत गणित शिकवते आणि आदिलाबादहून रोज बसमध्ये कानात तेच घालून जाते. स्टाफरूममध्ये हे कुणाला सांगायची सोय नाही.

आमच्या भागातही असं कुणी करतं, हे मला सहावीच्या पोरांकडून कळलं. गाणारा पैनगंगेकाठच्या गावचा, घरी कापूस-ज्वारीची शेती. बीट बनवणारा आदिलाबादच्या बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करायचा. दोघांनी मिळून स्वतःचं लेबल काढलं होतं. लेबल म्हणजे दुकानामागची खोली, भिंतींना टेकवलेल्या गाद्या आणि एक लॅपटॉप. पण काम बघा! कापसाच्या जिनिंग मशीनची घरघर बीट बनवणारा गाण्याखाली अशी दाबून ठेवायचा की बसच्या काचेची थरथर कोणती आणि गाणं कोणतं, कळू नये. आणि गाणारा 'करून राह्यलो', 'जाऊन राह्यलो' असंच म्हणायचा, घरी बोलतो तसं. पोरांच्या वह्यांतली हीच रूपं मी इतकी वर्षं लाल शाईनं खोडत आले होते. त्याला ऐकल्यावर माझा हात अडायला लागला.

एकदा फोन बिघडला म्हणून बाबांना सोबत घेऊन त्या दुकानात गेले. बाबा महसूल खात्यातून गिरदावर, म्हणजे तलाठ्यांवरचे अधिकारी, म्हणून निवृत्त झालेले. स्टुलावर बसल्या बसल्या त्यांनी बीट बनवणाऱ्या पोराची उलटतपासणी सुरू केली. गाव कोणतं, जमीन कोणाच्या नावावर, पहाणी कोणाच्या नावानं निघते. पहाणी म्हणजे आमच्याकडचा सातबारा. पोरगा हसत म्हणाला, "काका, तुमी ऑफिसात लोकांना कसे बोलत होते, तसं बोला ना एकडाव."

बाबांनी लगेच कपाळाला आठी घातली. "पहाणी आनली का? दाखला आनला का? मंग काऊन आला?"

त्यानं ते माइकवर सात वेळा म्हणून घेतलं. बाबा प्रत्येक वेळी जास्तच चिडले, आणि प्रत्येक वेळी जास्त खूश झाले.

दोन महिन्यांनी गाणं आलं, ऑफिसाच्या चकरा मारणाऱ्या एका पोराचं. 'मंग'नंतर त्यानं एक ठोका मोकळा सोडला होता आणि मग 'काऊन आला' बेससोबत धाडकन पडायचं. त्या एका मोकळ्या ठोक्यासाठी मी ते किती वेळा ऐकलं असेल. गाणं ऑटोंत वाजायला लागलं. वर्गात कुणी उशिरा आलं की सगळी पोरं एका सुरात विचारायची. बाबा सकाळी फिरायला निघाले की टपरीवरून हाक यायची, "काका, दाखला आनला का?" आणि बाबा हसत काठी उगारायचे.

त्या दिवाळीत बाबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. एकच शब्द उरला, 'नाई'. चहा हवा असला तरी नाई, नको असला तरी नाई. मान मात्र बरोबर हलायची, त्यावरून आम्ही ओळखायचो. संध्याकाळी मी गाणं लावायचे. स्वतःचा आवाज आला की बाबांचा डावा हात उठायचा.

मग उन्हाळ्यात मुंबईच्या एका मोठ्या लेबलनं त्या दोघांना घेतलं. मला आनंदच झाला, अगदी घरचं कुणी पास झाल्यासारखा. आठवडाभरात त्यांची जुनी गाणी सगळीकडून काढली गेली. माझ्या यादीत नावं राहिली, राखाडी रंगाची. दाबलं तर काही होईना.

दुकानात गेले तर बीट बनवणारा सामान खोक्यांत भरत होता. "ताई, आमी सह्या केल्या. जुन्या फाइली, लॅपटॉप, सगळं तिकडं गेलं. तीच गानी नवीन करून काढून राह्यले."

"आणि बाबांचा आवाज?"

"त्याची परवानगी पायजे म्हनतात." तो माझ्याकडे न बघता बोलला.

मी परवानगीचा कागद केला. जन्मभर दुसऱ्यांचे अंगठे घेणाऱ्या माणसाचा डावा अंगठा धरून शाईत टेकवला आणि पाठवून दिला. चार दिवसांनी लेबलमधून एका मुलीचा फोन आला. बोलायला फार नम्र होती. "मॅडम, अंगूठे से नहीं होगा. अंकल से वीडियो पर बुलवा दीजिए कि उनकी मर्ज़ी है."

"वो बोल नहीं सकते."

"बस एक 'हाँ' भी चलेगा, मॅडम."

रविवारी बाबांची दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, मोबाइल समोर धरला. "बाबा, तुमचा आवाज गाण्यात राहू द्यायचा ना?"

बाबांनी जोरजोरात होकाराची मान हलवली आणि खणखणीत म्हणाले, "नाई."

आठ वेळा आम्ही तो व्हिडिओ केला. आठव्यांदा तोंडाकडे डावा हात नेऊन त्यांनी ओठ धरून पाहिले, मग रडायला लागले. त्यातल्या त्यात बरा होता तो मी पाठवला. उत्तरात नुसते जोडलेले हात आले.

नव्या गाण्यात कुणा नटाचा आवाज आहे. "दाखला आणला का? मग कशाला आलास?" उच्चार अगदी स्वच्छ. बीट बनवणाऱ्याचा फोन आला. "ताई, ऐकलं?"

"ऐकलं."

"तो ठोका मी भांडून ठेवला."

"कळलं मला."

मला त्या गाण्याचा राग करायचा होता. पण बेस इतका खोल त्याला याआधी कधी जमला नव्हता, आणि हे मला ऐकू येत होतं. बाबांना एकदाच ऐकवलं. त्यांनी हात उचलून तसाच धरला, परका आवाज आला, येऊन गेला, गाणं संपलं. मीच तो हात धरून खाली ठेवला.

पुढच्या जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन होतं, आणि सांस्कृतिक विभाग माझ्याकडे. पोरांना तेच गाणं हवं होतं. मी दोन-तीन दुसरी सुचवली. हेडमास्तर म्हणाले, "अवो मॅडम, आपल्याच भागातल्या पोराचं गानं हाय, राहू द्या ना." त्यांना काय सांगणार? पाचवीत नव्यानं आलेल्या पोरांना तर जुना आवाज माहीतच नव्हता.

पेनड्राइव्ह मीच लावला. पोरं जीव तोडून नाचली. गावकऱ्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, आणि मी पुन्हा लावलं.