कातडी सीट आणि पांढरे कपडे

माझ्या गाडीत बसायला बाबांनी पहिल्या दिवसापासून नकार दिला. कारण मात्र दर वेळी नवं. कधी त्यांना मळमळायचं, कधी गुडघा वाकायचा नाही. एकदा तर काचा बंद असल्या की आपल्याला ऐकू येत नाही असं त्यांनी सांगितलं. बाबांना काचा उघड्या असतानाही फारसं ऐकू येत नाही, त्यामुळे ते कोणाला पटलं नाही. ऐंशी उलटलेला माणूस सिंदेवाहीच्या स्टँडवर उन्हात उभा राहून चिमूरची एस.टी. पकडतोय आणि मुलगी मागे रिकामी गाडी घेऊन हॉर्न वाजवतेय, हा तमाशा गावाने बरेच दिवस फुकटात पाहिला.

ही आमच्या घराण्यातली पहिली चारचाकी. त्याआधी आमच्याकडे चार चाकं एकत्र आली ती फक्त दोन सायकली शेजारी लावल्या तेव्हा. घुग्घुसला एक खाणीतले साहेब निवृत्त होऊन मुलाकडे निघाले होते, त्यांची जुनी गाडी मी घेतली. "सीट अस्सल लेदरच्या आहेत, मॅडम," असं म्हणून त्यांनी सीटवर प्रेमाने थाप मारली, तेव्हा शिवणीतून कोळशाची भुकटी उडाली. साहेब अंगाने भरलेले होते. ड्रायव्हरच्या सीटला त्यांच्या देहाचा साचा पडला होता आणि कडेला, जिथून ते रोज घसरत उतरायचे, तिथे कातडं फाटून आतला पिवळा स्पंज डोकावत होता. बाकी सीटा चंद्रपूरच्या उन्हाने तडकल्या होत्या.

चंद्रपूरचा सीटवाला म्हणाला, "काढून फेका, मॅडम. रेक्झिन टाकून देतो, नवीच दिसन." मला ते लागलं. मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, आणि हा माणूस मला अस्सल कातडं फेकून प्लास्टिक घ्यायला सांगतो. मी घरीच करीन असं त्याला ऐकवून आले.

मग व्हिडिओ पाहणं सुरू झालं. त्यात एक गोरा माणूस थंडगार गॅरेजमध्ये बसून सीट पुसायचा. त्याची नखं माझ्यापेक्षा स्वच्छ होती आणि तो सीटशी इतक्या लाडाने बोलायचा, की माझा नवरा म्हणाला, "याचं लग्न झालं नसन." नवरा माणूस म्हणून चांगला आहे, फक्त त्याला बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायची खोड आहे. ती खोड पुढे मला महागात पडली. म्हणजे, मी ऐकलं नाही म्हणून पडली.

घाई वैशाख पौर्णिमेची होती. चिमूरच्या पुढे बाबांचं गाव आहे. तिथे लोकांनी वर्गणी काढून नवं विहार बांधलं होतं. गावातले सगळ्यात वडील म्हणून त्याचं दार बाबांनी उघडायचं आणि पहिली वंदना त्यांनी घ्यायची, असं ठरलं होतं. ज्या गावात आमच्या घराला गावाबाहेरची जागा होती, तिथे बाबा माझ्या गाडीतून उतरावेत, सगळ्यांसमोर, एवढंच मला पाहिजे होतं. दुसरं काही नाही. बाबा मात्र एस.टी.वर अडून बसले होते.

मी ठरवलं, सीटा नव्यासारख्या करू, मग बघू कसे बसत नाहीत.

बोल्ट काढून सीटा घरात आणल्या. बाहेर एवढं ऊन होतं की अंगणात काम करणं म्हणजे स्वतःलाच वाळवणं. हॉलमध्ये कूलरसमोर त्या मांडल्या आणि कोमट साबणाच्या फेसाने, मऊ ब्रशने घासायला लागले. पहिल्या फडक्याला इतका कोळसा आला की त्यावर एकेक कप चहा झाला असता. दुसऱ्या फडक्यानंतर वेगळंच काही झालं. कातडं ओलं झालं, कूलरची दमट हवा त्यावरून फिरली आणि हॉलभर एक वास पसरला. जुना, गोडसर, गोठ्याच्या आसपासचा. मला तो काही वाईट वाटला नाही.

बाबा कोपऱ्यात बसून जेवत होते. त्यांचा घास थांबला.

"काय हाय व हे?"

"सीट हाय, बाबा. गाडीची."

"ते दिसून राह्यलं मले. कायची हाय?"

"लेदरची."

"म्हंजे कातड्याची."

"हो."

"कायच्या कातड्याची?"

"आता ते मी कसं सांगू? गाईचं असन, म्हशीचं असन."

बाबांनी ताट सरकवलं, हात धुतले आणि भर दुपारी व्हरांड्यात जाऊन बसले. मी मागोमाग गेले, हाताला फेस तसाच. ते रस्त्याकडे तोंड करून बसले होते. बोलले ते माझ्याकडे न पाहताच.

"माह्या बापानं मेलं ढोर ओढणं सोडलं, तवा गावानं आमचं पाणी बंद केलं होतं. त्याच्या खांद्यावर दोराचा वण होता. मरेपर्यंत गेला नाई तो. आन् तू तेच घरात आणून साबणानं धुऊन राह्यली."

माझ्या तोंडाला वेळकाळ नाही. मी म्हणाले, "बाबा, हे ढोर फॉरेनमधी मेलं असन. आपण कुठी ओढलं?"

"कुठीबी मरो. वास तोच हाय. पह्यल्या दिवशीच आला होता मले, दार उघडल्याबराबर."

ते हसले नाहीत, आणि मला एकदम लख्ख दिसलं. बाबांच्या पायात आयुष्यभर रबरी चप्पल किंवा कापडी बूट. घड्याळाला स्टीलचा पट्टा. कमरेला नायलॉनचा. पैसे ठेवायला पाकीट नाही, कापडाचा बटवा. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी दिलेली देखणी कातडी बॅग त्यांनी दुसऱ्याच दिवशी शिपायाला देऊन टाकली होती. आम्हा भावंडांनाही शाळेत कापडी बूटच, वर्गातल्या बाकीच्यांचे काळे चकचकीत असताना. मी जन्मभर याला चिकटपणा समजत आले. बाबा चिकट आहेतच, पण यात नव्हते. आणि हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मुलांच्या डोक्यावर ते ओझं नको म्हणून सांगितलं नाही, की आम्ही विचारलं नाही म्हणून, कोण जाणे.

मला वाईट वाटलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं की मी भांडते.

"ओढायचं नाई म्हटलं तुम्ही लोकायनं, ते बराबर हाय," मी म्हणाले. "पण बसायचं नाई असं कोणं म्हटलं? इतके वर्ष ओढणारे आपण, आन् बसणारे दुसरेच. आता आपण बसलो त बिघडलं काय?"

"बस ना मंग. मी तुले कुठी नाई म्हटलं?"

"तुमचं काय?"

"माह्यं मी नाई म्हटलं हाय ना. मले."



सीटा मी पोर्चमध्ये हलवल्या. खरं तर तिथेच थांबून रेक्झिनवाल्याला फोन करायला हवा होता. पण मी बापाचीच मुलगी, अर्धवट सोडलं तर मला झोप येत नाही. भेगा बारीक पॉलिश पेपरने घासल्या, पुट्टी भरली, फाटलेल्या कडेला आतून कापड लावून चिकटवलं. मग स्पंजने रंग, पातळ हात, वाळू द्यायचा, परत हात. रंग तपकिरी, विड्यातल्या कातासारखा. शेवटचा हात वाळला तेव्हा सीटा अशा देखण्या दिसायला लागल्या की मला त्या गोऱ्या माणसाचं सीटशी बोलणं समजलं.

आता एकच बाटली उरली होती. नवऱ्याने ती उजेडात धरून वाचली. "याच्यावर लिवलं हाय का हे लावल्याबिगर रंग पक्का होत नाई."

"ते फक्त चमकवायसाठी असते," मी म्हणाले. "मले चमक नाई पाहिजे. कातड्याले तेल पाहिजे."

"कोणतं तेल?"

"जवसाचं."

आमच्या भागात जवसाच्या तेलावर लोकांचा जो विश्वास आहे तो डॉक्टरवर नाही. आणि मी काही अडाणी नव्हते. जवसाचं तेल हवा शोषून वाळतं, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. ते खरंच वाळतं. फक्त आपल्या सोयीने वाळत नाही, आणि खालच्या कच्च्या रंगाला सोबत घेतल्याशिवाय राहत नाही, हे पुस्तकात नव्हतं. बाटलीवर होतं.

पौर्णिमेला सकाळी आम्ही सगळे पांढऱ्यात. मी पांढरी साडी, नवरा पांढरा सदरा-पायजमा, बाबांची धाकटी बहीण म्हणजे माझी आत्या पांढऱ्या नऊवारीत. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि धोतर घालून, हातात पिशवी घेऊन स्टँडवर. आम्ही गाडी घेऊन त्यांच्या मागे. लग्नसराई होती. एस.टी. आली ती दारापर्यंत भरलेली. बाबांनी एक पाय पायरीवर ठेवला, आणि कंडक्टरने आतूनच मान हलवली.

एस.टी. निघून गेली. बाबांनी धोतरावरची धूळ झटकली. मग आमच्याकडे आले, पुढचं दार उघडलं, पिशवीतून एक जाड चादर काढली आणि सीटवर अंथरायला लागले. बसायच्या जागी दुहेरी, पाठीमागे दुहेरी, कडा नीट खोचून, पेशंटला बँडेज बांधावं तशी. चादर त्यांनी घरून आणली होती. म्हणजे वेळ आलीच तर बसायचं हे त्यांचं आधीच ठरलं होतं, हे मी ओळखलं, आणि टोमणा न मारता गाडी सुरू केली. माझ्या आयुष्यात असं फार कमी वेळा झालंय.

गाडी मी चालवत होते. ए.सी. त्या खाणीतल्या साहेबांच्या काळापासूनच दमलेला होता, चिमूर येईपर्यंत त्याने राम म्हटला. काचा उघडल्या तर बाहेरची हवा तव्यावरून आल्यासारखी. घामाने पाठ सीटला चिकटत होती आणि सुटताना चर्र आवाज येत होता. मागून आत्या म्हणाली, "पोरी, तुही सीट मले सोडून नाई राह्यली." मला वाटलं, कौतुक करतेय.

गावात पोचलो. विहारासमोर मांडव, निळ्या पताका, माणसंच माणसं. बाबा उतरले. धोतर सारखं केलं, हात जोडले, आणि लोक पुढे झाले. कोणी पाया पडत होतं, कोणी "गुरुजी आले, पोरीच्या गाडीत आले" म्हणत होतं. मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं. बाबांनी विहाराचं दार उघडलं, तशी मी मान ताठ करून बायकांच्या मधून आत गेले, अगदी पहिल्या रांगेपर्यंत. माझ्यामागे कुजबुज झाली. मला वाटलं, गाडीबद्दल असेल.

गाडीबद्दलच होती. वंदनेला वाकले तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "अव बाई, तुह्या पाठीले काय झालं?" मी पलीकडे पुरुषांच्या पहिल्या रांगेत वाकलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत अख्खी सीट उमटली होती, शिवणीसकट. आत्याचीही तीच गत. माझं मला दिसत नव्हतं, पण लोकांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नव्या विहाराच्या पहिल्या वंदनेत, पांढऱ्याशुभ्र गर्दीच्या पहिल्या रांगेत, आमच्या घरच्या तीन तपकिरी पाठी. बाबा तेवढे स्वच्छ. त्यांचा आवाज पंचशील म्हणताना मध्येच अडखळला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं मन भरून आलं. मी त्यांची मुलगी आहे, मला कळलं की ते हसू दाबतायत.

बाहेर आल्यावर त्यांनी दाबलं नाही. इतके हसले की कवळी काढून हातात घ्यावी लागली. ती परत बसवून म्हणाले, "माह्या बापानं जे अंगावरून उतरवलं, ते तू पैसे देऊन पाठीले लावून घेतलं."

सगळे हसले. मीही हसले. पण ते बरोबर जागी लागलं होतं, आणि जेवताना मी पानातला भात नुसता चिवडत बसले. मिरवायला आले होते बापाला, आणि त्याच्याच गावात त्याचं हसं करून ठेवलं असं वाटलं. बाबा समोरच्या पंगतीत बसून मजेत बुंदी खात होते.

परतीला निघालो. मी गाडीशी गेले तर बाबा आधीच दार उघडून उभे. त्यांनी खोचलेली चादर काढली, झटकली, घडी घातली आणि माझ्यापुढे धरली.

"घे. तुह्या सीटवर टाक."

"माह्यी साडी त गेलीच आता, बाबा. तुम्ही घ्या ना."

"मंग मी एकटाच कायले पांढरा राहू?"

आणि बसले. तशाच सीटवर. सुरुवातीला पुढे सरकून, पाठ न लावता, शाळेतल्या स्टुलावर बसावं तसे ताठ. चिमूर गेलं. जंगल लागलं. वाघाची पाटी मागे पडली, तेव्हा त्यांनी पाठ टेकली. मी समोरच पाहत राहिले. काही बोलले असते तर ते पुन्हा ताठ झाले असते. थोड्या वेळाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रस्ता नीट दिसेना, म्हणून गाडी हळू केली. मागून नवरा म्हणाला, "आता काय झालं?" मी म्हटलं, धूळ.

सीटांवर ती उरलेली बाटली मी दुसऱ्याच दिवशी लावली, आधी तेल पुसून, वरचं बारीक अक्षर वाचून. बाबांच्या शर्टावर मात्र मी माझी सगळी केमिस्ट्री संपवली. साबण, लिंबू, स्पिरिट, रॉकेल. डाग फिका झाला, गेला नाही. शर्ट फरशी पुसायच्या पोछ्यासाठी काढला तर बाबांनी तो परत दांडीवर टाकला. आता ते रोज सकाळी तोच घालून स्टँडवर चहाला जातात. बाकीचे पेन्शनर विचारतात, "गुरुजी, पाठीले काय लागलं हाय?"

"पोरीच्या गाडीचं हाय," बाबा सांगतात, आणि सगळ्यांना नीट दिसावं म्हणून पाठ वळवतात.