पाच ते सहा, खेळाचा तास

शेजारी नवं बिऱ्हाड आलं की मी आधी सामान बघते, मग माणसं. या बिऱ्हाडाच्या सामानात दोरीला बांधलेली शिट्टी होती. बाई पीटीच्या. मायदेशी शाळेत चौदा वर्षं चारशे पोरांना मैदानावर पळवत होत्या. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे परदेशी आल्या, सोबत सात वर्षांची थोरली आणि चार वर्षांचा धाकटा. मैदान सुटलं, शिट्टी खिळ्यावर गेली.

आठवडाभरातच त्यांच्या खालच्या घरातला म्हातारा झाडूच्या दांड्याने छत ठोकायला लागला. एकटा जीव, आणि कान असा तिखट की वर टाचणी पडली तर कुठल्या खोलीत पडली ते सांगेल. मी त्याचं नाव कानसेन ठेवलं. आमच्या इमारतीत एका वर्षात तीन लेखी तक्रारी आल्या की भाडेकरार पुढे वाढत नाही. कानसेनाने दोन महिन्यांत दोन उरकल्या.

नवरा फार भला. दाराला धडकला तर दाराची माफी मागेल. तक्रार आली की हा बिस्किटांचा डबा घेऊन खाली. मी त्याला तोंडावरच सॉरीराव म्हणायचे.

"अहो, डबे नेऊन नेऊन गुन्हा कबूल करताय तुम्ही," बाई करवादल्या.

"शेजारधर्म असतो गं."

"तो काय फक्त वरच्यांनीच पाळायचा? पोरं आहेत ती, मांजरं नाहीत."

बोलल्या खऱ्या, पण घर जाईल या भीतीने शेवटी त्याच नमल्या. गालिचे अंथरले, खुर्च्यांच्या पायांत मोजे घातले आणि पोरांना चवड्यावर चालायला शिकवलं. तेही पीटीच्या शिस्तीत: टाच वर, गुडघा सैल. पोरं हुशार, चार दिवसांत तयार झाली. भिंतीपलीकडे इतकं चिडीचूप की मला करमेना.

एका शनिवारी दुपारी त्यांच्यासोबत मीही बागेत गेले. हे एवढं मोठं गवत. बाई म्हणाल्या, "पळा."

थोरली निघाली ती चवड्यावर. धाकटा जागचा हलेना. गवताकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "आई, याच्या खाली कोण राहतं?"

बाईंचे कान लाल झाले. पोरांना घेऊन तडक परत आल्या, त्या थेट कानसेनाच्या दारात.

"ताई, मला अजून इथली भाषा धड येत नाही. तुम्ही सांगा, पण जसंच्या तसं. साखर घालायची नाही."

"मला मधुमेह आहे," मी म्हटलं.

दार उघडून कानसेनाने आधी त्यांच्या हाताकडे पाहिलं. डबा नव्हता.

"मी परक्याच्या पोरांना पळायला शिकवलं," बाई म्हणाल्या, "आणि तुमच्यापायी स्वतःच्या पोरांना न पळायला. आता ती गवतावरही पळत नाहीत. यातलं निम्मं पाप माझं, निम्मं तुमचं."

"मला शांतता हवी. तिसरी तक्रार लिहीन मी."

"लिहा. त्यात वेळही लिहा. रोज पाच ते सहा माझ्या घरात खेळाचा तास. सहानंतर पाऊल वाजलं तर मला येऊन सांगा. पण त्या तासात झाडू हलला, तर मी स्वतः दोरीवरच्या उड्या मारीन. माझं वजन बघून ठेवा."

वजन मी दहा किलो वाढवून सांगितलं.

सॉरीराव डबा घेऊन जिन्यात उभा होता. "घर जाईल अगं."

"जाऊ दे. घर दुसरं बघू. आणि तो डबा पोरांना द्या."

दुसऱ्या दिवशी पाचला शिट्टी वाजली. पलीकडे सगळं शांत. मग बाईंचा आवाज आला, "टाचा खाली." पुन्हा शिट्टी, आणि मग जे दणदणलं, त्याने माझ्या फळीवरचे कप नाचायला लागले.

चौथ्या दिवशी तिसरी तक्रार गेली. इमारतीच्या ऑफिसातून माणूस आला, मलाही विचारलं, आवाज होतो का. म्हटलं, होतो ना, मी त्यावर घड्याळ लावते. तो काही हसला नाही. पहिला करार तीनच महिन्यांचा होता, तो महिनाअखेरीस संपतो. बाईंनी सामानासाठी रिकामी खोकी आणून ठेवली आहेत, आणि धाकटा त्यांवरून उड्या मारतो. पाच ते सहा.