एफुआचं हसू

मंडळी, आत्ताच डेट्रॉइटहून जवळच ट्रॉयला घरी पोहोचले आणि आधी हे लिहायला बसले.

माझी लेक सई फोटोग्राफर आहे. वर्षभर ती इथल्या आफ्रिकन कुटुंबांमधल्या तरुण मुलामुलींचे फोटो काढत होती. कुणी सायकल दुरुस्त करतंय, कुणी बहिणीच्या वेण्या घालतंय. आज डेट्रॉइटच्या एका लायब्ररीत त्या फोटोंचं प्रदर्शन सुरू झालं.

सगळ्यात मोठा फोटो एफुआचा. ही कॉलेजातली मुलगी, घरचे मूळचे घानाचे. फोटोत ती मान मागे टाकून खळखळून हसतेय. पण तो भिंतीवर बघताच तिचा चेहरा पडला.

"माझ्या दातांतली फट किती दिसतेय! सई, प्लीज, काढून टाक ना हा."

मी सईला बाजूला घेऊन म्हटलं, "अगं, तोच तर बेस्ट फोटो आहे."

"आय नो, आई. पण चेहरा तिचा आहे."

सई फोटो उतरवणार, तेवढ्यात एफुआची आजी आली. फोटोसमोर थबकली. मग काचेवर हळूच बोट ठेवून म्हणाली, "ही तर माझी आई! ती अशीच हसायची. तिचा एकही फोटो नाही आमच्याकडे."

एफुआने पुन्हा एकदा फोटो नीट पाहिला. मग आजीचा हात धरून सईला म्हणाली, "राहू दे."

येताना ड्राइव्ह करता करता मी सईला माझ्या नागपूरच्या आजीबद्दल सांगितलं. तिचाही फोटो कधी कुणी काढला नाही. तिच्या हनुवटीवरची खळी सईला आलीय. सईने तिच्या बाजूचा सन व्हायझर खाली ओढला आणि घर येईपर्यंत त्यातल्या आरशात बघत राहिली.

तुमच्या घरातही, फोटो नसलेलं कुणी, कुणाच्या चेहऱ्यावर दिसतं का?